शहराच्या मालकीचा उजेड

मुंबईत कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत राहणाऱ्या माणसाच्या घरी दर महिन्याला एक कागद येतो, तो म्हणजे विजेचं बिल. आपण त्यावरचा आकडा बघतो, जरा कुरकुर करतो आणि कागद खणात टाकून देतो. पण या बिलाची एक गंमत आहे. ते कुठल्या खाजगी कंपनीचं नाही, की राज्याच्या वीजमंडळाचंही नाही. ते शहराच्या महापालिकेच्या उपक्रमाचं आहे. म्हणजे आपणच आपल्याला वीज विकतो आणि आपणच आपल्याला बिल पाठवतो, असं म्हटलं तरी चालेल. दिल्लीत महापालिकेचा असा विद्युत उपक्रम होता. तो आधी वेगळ्या मंडळाकडे गेला आणि २००२ साली खाजगी कंपन्यांच्या हाती. केरळात त्रिशूर शहराची महापालिका आजही वीज पुरवते. देशात अशी उदाहरणं फार थोडी आहेत, आणि त्यांत सर्वांत ठळक उदाहरण मुंबईच्या ‘बेस्ट’चं.

हे शहराच्या मालकीचं प्रकरण घडलं कसं, ते बघण्यासारखं आहे.

मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली गॅसचे दिवे आले. त्याआधी जे काही होतं ते तेलाच्या दिव्यांचं राज्य. गॅसच्या उजेडाचं लोकांना मोठं अप्रूप होतं. विजेचा पहिला प्रयोग झाला तो १८८२ साली, आणि तोही कुणा संस्थानिकाच्या महालात नव्हे, तर क्रॉफर्ड मार्केटात. भाजी, फळं आणि मासळीच्या बाजारात. ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनी या नावाच्या कंपनीशी महापालिकेनं करार केला होता. पण पुढच्याच वर्षी त्या कंपनीचं दिवाळं वाजलं आणि बाजार पुन्हा गॅसच्या दिव्यांकडे वळला. मुंबईतल्या सार्वजनिक विजेचा पहिला अध्याय असा वर्षभरात मिटला. १९०३ मध्ये ताजमहाल हॉटेल सुरू झालं तेव्हा तिथं विजेचे दिवे होते, पण ती वीज हॉटेलची स्वतःची होती. ज्याच्या खिशात पैसा त्याच्या घरी उजेड, असा तो जमाना.

सार्वजनिक वीज आली ती ट्रामचा हात धरून. ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली होती. एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला जाणारा आणि दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीला. कुलाबा ते पायधुणी भाडं तीन आणे. पुढे घोड्यांच्या जागी वीज आणावी असं ठरलं, आणि ७ ऑगस्ट १९०५ रोजी करार होऊन बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी उभी राहिली. या नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांतून ‘बेस्ट’ हा शब्द झाला. वाडीबंदरला वाफेवर चालणारं वीजकेंद्र उभं राहिलं. त्याची क्षमता ४,३०० किलोवॉट होती. ७ मे १९०७ रोजी पहिली विजेची ट्राम धावली. कंपनी अर्थातच विलायती भांडवलाची होती, नफ्यासाठी चालणारी होती. पण त्या करारात एक कलम असं होतं की, ठरावीक मुदतीनंतर हा सगळा कारभार विकत घेण्याचा हक्क महापालिकेला राहील. करार करताना ते कलम कुणाच्या फारसं नजरेत भरलं नसेल. पुढची गोष्ट मात्र त्याच कलमानं घडवली.

त्याआधी दुसरी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती सांगितल्याशिवाय मुंबईच्या विजेचा हिशेब पुरा होत नाही.

कोळसा जाळून वीज करण्यापेक्षा सह्याद्रीच्या पावसावर वीज करावी, ही टाटांची कल्पना. लोणावळ्याच्या बाजूला तलाव बांधले गेले आणि १९१५ साली खोपोलीच्या केंद्रातून मुंबईला वीज येऊ लागली. पहिलं गिऱ्हाईक होतं कापडगिरण्यांचं. पुढे ‘बेस्ट’ही स्वतःची वीज करण्याऐवजी टाटांची वीज घेऊन शहरात वाटू लागली. पण गिरण्यांची भूक वाढत गेली आणि नजर मुळशीच्या खोऱ्याकडे वळली. भातशेतीचा तो मुलूख पाण्याखाली जाणार होता. १९२१ साली रामनवमीच्या दिवशी मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे त्यांच्या पुढे उभे होते. बापटांना ‘सेनापती’ हे नाव मिळालं ते याच लढ्यात. १९२४ पर्यंत ही झुंज चालली. लोक तुरुंगात गेले, बायका गेल्या, म्हातारी माणसं गेली. शेवटी धरण झालंच, आणि १९२७ साली मुळशीच्या पाण्यावर भिऱ्याचं वीजकेंद्र चालू झालं.

आपल्याकडे ‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण आहे. मुंबईच्या दिव्याखालचा तो अंधार मुळशीचा आहे. ज्यांच्या जमिनीवर पाणी साठलं, त्यांच्यातल्या कितीतरी वाड्यांना स्वतःच्या घरात वीज यायला फार वर्षं थांबावं लागलं. शहरातला माणूस बटण दाबतो तेव्हा त्याला हे आठवलं पाहिजे असं मी म्हणणार नाही. दिवसातून दहा वेळा कोण आठवणार? पण वर्षातून एकदा तरी आठवायला काही हरकत नाही.

आता त्या कलमाकडे परत येऊ. १९०५ नंतर बेचाळीस वर्षं झाली आणि नेमक्या त्याच तारखेला, ७ ऑगस्ट १९४७ रोजी, मुंबई महापालिकेनं कंपनी ताब्यात घेतली. देशाच्या स्वातंत्र्याला तेव्हा आठ दिवस बाकी होते. दिल्लीत मध्यरात्रीची तयारी चालली होती आणि इकडे मुंबईकरांच्या ट्राम, बसगाड्या आणि तारा त्यांच्या मालकीच्या झाल्या होत्या. इतिहासाच्या पुस्तकांत १५ ऑगस्ट असतो, तिथं ७ ऑगस्टला जागा मिळत नाही. पण स्वातंत्र्य घराच्या उंबऱ्यापर्यंत येतं ते अशा लहान तारखांमधून. ‘बेस्ट’मधला ‘टी’ आता ट्रामवेजचा न राहता ट्रान्सपोर्टचा झाला. ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम धावली, पण नाव तेच राहिलं. १९९५ मध्ये शहराचं नाव बदललं तेव्हाही ‘बॉम्बे’चं ‘बृहन्मुंबई’ झालं आणि ‘बेस्ट’ ते ‘बेस्ट’च.

शहराची मालकी म्हणजे नेमकं काय, हे कळायचं असेल तर मोठमोठे ठराव वाचू नयेत. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरच्या लहान बातम्या वाचाव्यात. अमुक गल्लीत केबलचं काम असल्यानं दुपारी वीज बंद राहील. पावसाळ्यात दिव्याच्या खांबाला हात लावू नका. गणेशोत्सव मंडळांनी मंडपासाठी रीतसर तात्पुरती जोडणी घ्यावी, आकडे टाकू नयेत. विसर्जनाला चौपाटीवर दिव्यांची सोय केली आहे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या अनुयायांसाठी शिवाजी पार्कवर दिवे आणि जादा बसगाड्या. रमजानमध्ये मोहम्मद अली रोड रात्रभर जागा असतो, आणि माहीमला दर बुधवारी चर्चच्या नोव्हेनाला गर्दी उसळते. लालबागच्या मंडपातली रोषणाई असो, माहीमच्या मखदूमबाबांच्या उरुसाची असो, वीज येते ती एकाच घरची. या बातम्या कुणी कात्रण करून ठेवत नाही. पण शंभर वर्षांनी कुणाला या शहराचा खरा इतिहास लिहायचा झाला, तर कोण कधी सण करत होतं, कुठं किती माणसं जमत होती, हे त्याला याच बातम्यांतून कळेल.

या शहराच्या तारा बहुतेक जमिनीखालून जातात. त्यामुळे त्यांची राखण करणारी माणसंही आपल्याला सहसा दिसत नाहीत. भर पावसात रस्त्याला खड्डा खणून, वर ताडपत्री धरून, आत उकिडवा बसलेला केबल जॉइंटर बघा कधी. बाजूनं गाड्या चिखल उडवत जातात. इमारतीतले लोक गॅलरीतून ओरडून विचारतात, ‘लाइट कधी येणार?’ तो मान वर करत नाही, कारण हातातलं काम मान वर करण्याचं नसतं. दिवा लागला की इमारतीत ‘आली, आली’ असा गलका होतो. त्या गलक्यात खड्ड्यातल्या माणसाचे आभार मानायचे राहूनच जातात.

पण उजेड सगळ्यांना सारखा मिळाला का? नाही. चाळीत जिन्याखाली मीटरची ओळ लागली, तेव्हाही शेजारच्या झोपडपट्टीत कंदीलच होते. मग मधला माणूस आला. स्वतःच्या मीटरवरून तार ओढून द्यायची आणि बल्बमागे महिन्याचे पैसे घ्यायचे, हा धंदा शहरात वर्षानुवर्षं चालला. गरीब माणूस विजेचे जास्त पैसे मोजत होता आणि वर चोर ठरत होता. त्याला मीटर मिळत नव्हतं, कारण त्याच्याकडे जागेचा कागद नव्हता. २००३ च्या वीज कायद्यात एक शब्द आहे, तो मला मोलाचा वाटतो. जागेचा मालक ‘किंवा ताबेदार’ यांनी अर्ज केला, की महिन्याच्या आत वीज द्यावी, असं त्या कायद्याचं ४३ वं कलम सांगतं. ‘किंवा ताबेदार’! म्हणजे तू मालक नसशील, पण तू इथं राहतोस, एवढं तरी कायद्यानं मानलं.

मीटर मिळालं की बिल येतं, आणि बिल आलं की त्यावर नाव आणि पत्ता असतो. मध्यमवर्गाला बिल म्हणजे खर्च वाटतो. झोपडीतल्या माणसाला ती ओळख असते. शाळेत मुलाचं नाव घालताना, रेशनकार्डाच्या रांगेत, घर पाडायला माणसं आली तेव्हा, त्यानं प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला तो कागद बाहेर काढलेला आहे. शहरानं त्याला लिहिलेलं तेवढं एकच पत्र त्याच्यापाशी असतं. म्हणून ते पत्र कोण पाठवतं, या प्रश्नाला महत्त्व आहे.

या उपक्रमाचं आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे वीज आणि बस एका घरात नांदतात. विजेत शिल्लक पडायची आणि बसची तूट त्यातून भरून निघायची. जास्त वीज वापरणारी दुकानं आणि कचेऱ्या अशा रीतीनं बसच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाचं थोडं भाडं भरत. २००३ च्या कायद्यानंतर प्रश्न आला की, वीज वापरणाऱ्यानं बसचा तोटा का सोसावा? बिलात काही वर्षं त्यासाठी वेगळा आकार लावला गेला, त्यावर वाद झाले. हिशेबाच्या दृष्टीनं प्रश्न बरोबर आहे. पण घर चालवणाऱ्या कुणालाही विचारा. एका भावाची कमाई दुसऱ्याच्या आजारपणाला लागते, तेव्हा त्याला कुणी तोटा म्हणत नाही.

अर्थात घरात नुसतं प्रेम असून भागत नाही, घर नीट चालवावंही लागतं. ‘बेस्ट’वर कर्ज झालं. जानेवारी २०१९ मध्ये कामगारांनी नऊ दिवस संप केला. स्वतःच्या गाड्या घटत गेल्या आणि भाड्यानं घेतलेल्या वाढल्या. २०१९ मध्ये किमान भाडं पाच रुपयांवर आणलं, ते मे २०२५ मध्ये दहा झालं. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि साडेतीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. ज्या बेस्ट समितीत लोकांचे प्रतिनिधी बसून भाडं आणि गाड्या यांवर भांडत, ती त्या काळात नव्हती. मालक हयात आहे, पण घराच्या बैठकीला त्याला बोलावत नाहीत, असं काहीसं ते झालं.

बाकी काळ कुणासाठी थांबत नाही. डिझेलवरची शेवटची डबलडेकर सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त झाली आणि विजेवरच्या डबलडेकर आल्या. १९०७ साली विजेनं गाडी ओढली होती, आता ती पुन्हा ओढते आहे. जुनी मीटर जाऊन स्मार्ट मीटर येत आहेत. दर महिन्याला जिन्याखाली बॅटरी मारून आकडे लिहिणारा मीटर रीडरही हळूहळू दिसेनासा होईल.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी सगळ्या मुंबईची वीज एकाएकी गेली. लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. काही तासांचीच गोष्ट, पण शहर घाबरून गेलं. त्याआधी, २००५ नंतरची काही वर्षं, महाराष्ट्रातल्या खेड्यांत रोज बारा-बारा तास भारनियमन चालू होतं आणि मुंबई झगमगत होती. तेव्हा आपल्याला फारसं काही वाटलं नव्हतं. उजेडाची सवय लागली की तो हक्क वाटू लागतो. तो हक्क असावा, असंच मलाही वाटतं. फक्त तो मुळशीच्या शेतकऱ्यांना, खड्ड्यातल्या जॉइंटरला आणि प्लास्टिकच्या पिशवीत बिल जपणाऱ्या माणसालाही असावा.

शहराच्या मालकीचा उजेड याचा अर्थ एवढाच की, तो कमी पडला तर दाद कुणाकडे मागायची हे आपल्याला ठाऊक आहे. पुढचं बिल येईल तेव्हा आकड्याच्या वर छापलेलं शहराचं नावही एकदा वाचा.