राजाच्या नावाने चाललेले स्वराज्य

१५ ऑगस्ट १९४७ रोजी भारत स्वतंत्र झाला, पण प्रजासत्ताक झाला नाही. ब्रिटिश पार्लमेंटने त्या जुलैत संमत केलेल्या भारतीय स्वातंत्र्य कायद्याने भारत आणि पाकिस्तान ही दोन डोमिनियन, म्हणजे राजमुकुटाखालची स्वयंशासित राज्ये, निर्माण केली. सहावा जॉर्ज भारताचा राजा राहिला आणि गव्हर्नर जनरलची नेमणूक त्याच्याच नावाने होत राहिली. राज्यकारभार १९३५ च्या कायद्यात फेरफार करून चालवला जात होता. वरच्या न्यायालयातील अपिले लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जात होती आणि बाजारात राजाचा मुखवटा असलेली नाणी फिरत होती. सत्ता भारतीयांच्या हाती आली होती, पण कायद्याच्या कागदावर तिचा उगम अजून राजाकडेच होता. तो उगम बदलायला जवळजवळ अडीच वर्षे लागली. हा काळ शाळेच्या पुस्तकांत एकदोन ओळींत संपतो. वास्तविक भारतीय प्रजासत्ताकाची घडण याच काळात झाली.

प्रजासत्ताकाचा निर्णय मात्र स्वातंत्र्याच्या आधीच झाला होता. १३ डिसेंबर १९४६ रोजी जवाहरलाल नेहरूंनी संविधान सभेत उद्दिष्टांचा ठराव मांडला. भारत हे स्वतंत्र, सार्वभौम प्रजासत्ताक असेल आणि त्याची सर्व सत्ता लोकांपासून येईल, असे त्यात म्हटले होते. मुस्लिम लीग सभेत आलेली नव्हती आणि संस्थानांचे प्रतिनिधीही नव्हते. म्हणून मुकुंदराव जयकरांनी ठराव पुढे ढकलण्याची दुरुस्ती सुचवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही घाई न करण्याच्या बाजूने भाषण केले. अखेर २२ जानेवारी १९४७ रोजी ठराव मंजूर झाला. पुढे फाळणीमुळे आंबेडकरांची बंगालमधील जागा गेली, तेव्हा जयकरांच्या राजीनाम्याने रिकाम्या झालेल्या मुंबईच्या जागेवरूनच ते पुन्हा सभेत आले. २९ ऑगस्ट १९४७ रोजी नेमलेल्या मसुदा समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

या सभेत एक उणीव होती. ती प्रौढ मताधिकाराने निवडलेली नव्हती. मालमत्ता, कर किंवा शिक्षण यांच्या अटीवर मत मिळालेल्या मतदारांनी प्रांतिक कायदेमंडळे निवडली आणि त्या कायदेमंडळांनी सभेचे सदस्य निवडले. पण अशा मर्यादित मतदानातून आलेल्या सभेने २१ वर्षांवरील प्रत्येक स्त्रीपुरुषाला मत दिले, आणि संविधान पुरे होण्याची वाटही पाहिली नाही. सभेच्या सचिवालयाने १९४८ मध्येच मतदारयाद्यांचे काम सुरू करवले. फाळणीने उखडलेल्या निर्वासितांचा कायमचा पत्ता सांगता येत नव्हता, म्हणून येथे राहण्याचा इरादा जाहीर केला तरी नाव नोंदवावे, असा मार्ग काढला गेला. अनेक स्त्रिया परक्या माणसाला स्वतःचे नाव सांगायला तयार नव्हत्या. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढीच नोंद स्वीकारायला निवडणूक आयोगाने पुढे नकार दिला आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे पहिल्या निवडणुकीच्या यादीतून गळली. हे नुकसान मोठे होते, तरी निर्णय योग्य होता. नागरिक म्हणून मत द्यायचे, तर ते स्वतःच्या नावाने द्यायला हवे.

दरम्यान मुकुटाच्या खुणा एकेक करून पुसल्या जात होत्या. जून १९४८ मध्ये राजाने ‘हिंदुस्थानचा सम्राट’ हा किताब सोडला आणि माउंटबॅटन यांच्या जागी चक्रवर्ती राजगोपालाचारी गव्हर्नर जनरल झाले. ऑक्टोबर १९४९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलचा भारतावरील अधिकार संपला. राष्ट्रकुलाचा प्रश्न अधिक नाजूक होता. आयर्लंड एप्रिल १९४९ मध्ये प्रजासत्ताक झाले आणि राष्ट्रकुलाबाहेर पडले. राजाशी निष्ठा हीच तेव्हा सदस्यत्वाची अट मानली जाई. त्याच महिन्यात लंडनच्या बैठकीत तोडगा निघाला. भारत प्रजासत्ताक होईल, राजाला केवळ स्वतंत्र सदस्य राष्ट्रांच्या सहचर्याचे प्रतीक आणि राष्ट्रकुलाचा प्रमुख मानील, पण भारताच्या कारभारात त्याला कोणतेही स्थान नसेल. संविधान सभेत यावर टीका झाली, पण १७ मे रोजी मान्यता मिळाली. पाकिस्तान १९५६ मध्ये आणि श्रीलंका १९७२ मध्ये याच वाटेने प्रजासत्ताक झाले.

संस्थानांचा प्रश्न वेगळा होता. भारतावरचा एक राजा दूर होत असताना देशात साडेपाचशेहून अधिक राजे होते. त्यांपैकी औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने १९३९ मध्येच ग्रामपंचायतींवर आधारलेली राज्यघटना देऊन सत्ता प्रजेकडे सोपवली होती. असे उदाहरण विरळच. दक्षिणेतील बहुतेक मराठी संस्थाने मार्च १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाली, कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी आणि बडोदे त्यानंतर दोन महिन्यांनी. हैदराबादवर सप्टेंबर १९४८ मध्ये लष्करी कारवाई करावी लागली.

संविधान २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारले गेले. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या होत्या; त्यांतील २,४७३ प्रत्यक्ष सभेत मांडल्या गेल्या. संविधान संमतीसाठी गव्हर्नर जनरलकडे गेले नाही, राजाकडेही गेले नाही. कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया यांच्या राज्यघटना मुळात ब्रिटिश पार्लमेंटचे कायदे होते. भारताने ती साखळी जाणूनबुजून तोडली. अनुच्छेद ३९५ ने तर ज्या स्वातंत्र्य कायद्यामुळे सभेला अधिकार मिळाला होता, तोच कायदा रद्द केला. त्यामुळे संविधानाच्या मागे ‘आम्ही भारताचे लोक’ याखेरीज दुसरा आधार उरला नाही. या अडीच वर्षांतील सर्वांत धीट पाऊल हेच म्हणावे लागेल.

नागरिकत्व, राष्ट्रपतींची शपथ आणि निवडणूक आयोग यांविषयीचे अनुच्छेद त्याच दिवशी अमलात आले. उरलेले संविधान १९३० मध्ये पाळलेल्या पूर्ण स्वराज्य दिनाची आठवण म्हणून २६ जानेवारी १९५० पर्यंत थांबवले गेले. त्या सकाळी दिल्लीच्या दरबार हॉलमध्ये राजगोपालाचारींनी प्रजासत्ताकाची घोषणा केली आणि सरन्यायाधीश हरिलाल कणिया यांनी डॉ. राजेंद्र प्रसाद यांना शपथ दिली. दोन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाचे उद्‌घाटन झाले. अशोकस्तंभावरील सिंहांची नाणी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निघाली.

मात्र लोकांनी निवडलेले सरकार अजून यायचे होते. संविधान सभाच हंगामी संसद म्हणून काम करत राहिली. ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ या काळात सुमारे १७ कोटी ३० लाख मतदारांची निवडणूक झाली. मे १९५२ मध्ये निर्वाचित आमदार-खासदारांनी राष्ट्रपती निवडला. घोषणेपासून लोकनियुक्त राज्यव्यवस्थेपर्यंतचे अंतर तेव्हा भरून निघाले.

जुन्या सत्तेचे अवशेष त्यानंतरही होते. संस्थाने एकत्र करून बनलेल्या राज्यांवर राज्यपालांऐवजी राजप्रमुख होते आणि ते बहुधा जुने संस्थानिकच. मध्य भारतात ग्वाल्हेरचे जिवाजीराव शिंदे, हैदराबादेत खुद्द निजाम. त्यामुळे निजामाच्या राजवटीविरुद्ध लढलेल्या मराठवाड्याच्या राज्यात प्रजासत्ताकाची पहिली जवळजवळ सात वर्षे निजामच औपचारिक प्रमुख होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हे पद गेले. गोव्याची स्थिती आणखी विचित्र. पोर्तुगाल १९१० मध्येच प्रजासत्ताक झाले होते, पण सालाझारच्या हुकूमशाहीत ते नाव कायम राहूनही गोवेकरांना आपले सरकार निवडता येत नव्हते. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि डिसेंबर १९६३ मध्ये तेथे विधानसभेची पहिली निवडणूक झाली. विलीनीकरणाच्या वेळी संस्थानिकांना मान्य केलेले तनखे आणि त्यांची राजे म्हणून असलेली मान्यता १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संपली.