हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्राम
तीव्र नैराश्यावरील अल्पकालीन समुपदेशन पद्धती. गोव्यातील ‘संगाथ’ संस्थेत मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी विकसित केली. मानसोपचाराचे पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिकांना प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत सहा ते आठ बैठका घेतल्या जातात. ‘बरे वाटले की करीन’ म्हणणाऱ्या रुग्णाशी बोलून आधी एखादे छोटे काम ठरवतात, जसे संध्याकाळी फिरणे किंवा शेजारी जाऊन येणे. उमेद मागाहून येते. समुपदेशक एकमेकांच्या बैठकांचे ध्वनिमुद्रण ऐकून गुण देतात. पद्धतीचे खरे बळ बहुधा यातच आहे. ४९५ रुग्णांच्या चाचणीत (लॅन्सेट, २०१७) तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्णांचे नैराश्य ओसरले. समुपदेशन न मिळालेल्यांत ३९ टक्क्यांचे. लाभ वर्षभरानंतरही टिकून होता.