हॅपी बर्थडे जोशी

जून १९९० मध्ये भारतातल्या पीसींवर एक व्हायरस सापडला. वर्षभर तो गप्प असायचा. ५ जानेवारी उजाडली की मशीन अडकायचं आणि पडद्यावर सूचना यायची : ‘हॅपी बर्थडे जोशी’ असं टाइप करा. तेवढं टाइप केलं की मशीन पुन्हा कामाला लागायचं. जगभरच्या व्हायरसांच्या याद्यांत त्याची नोंद ‘जोशी’ याच नावाने झाली. आता जोशी गुजरातेतही असतात आणि कुमाऊंतही, त्यामुळे लगेच छाती फुगवायचं किंवा मान खाली घालायचं कारण नाही.

मला त्याच्यात रस आहे तो वेगळ्या कारणाने. मी पोटासाठी वेब सर्व्हिसेस लिहितो. ऑपरेटिंग सिस्टिमच्या आत काय चालतं हे न कळताही माझी नोकरी व्यवस्थित चालते. पण कसालला घरून काम करायला लागल्यापासून रात्री मी सिस्टिम प्रोग्रॅमिंग शिकतोय. ते शिकताना सारखा एक प्रश्न पडायचा. नेट नव्हतं, तेव्हा आपल्याकडची पोरं हे शिकली कशी? त्या उत्तराचा बराच मोठा भाग व्हायरसांपाशी जातो.

आधी जुना पीसी सुरू कसा व्हायचा ते बघू. बटण दाबलं की बायोस डिस्कचा पहिला सेक्टर मेमरीत आणायचा. फक्त ५१२ बाइट. हार्ड डिस्कच्या सेक्टरचे शेवटचे दोन बाइट ५५ आणि एए असले की झालं, पुढे कसलीही चौकशी नाही. आत जे लिहिलंय ते चालवायचं. जोशी नेमका तिथेच घर करायचा. डॉस जागा व्हायच्या आधी तो येऊन बसलेला असायचा.

बसल्यावर तो काय करायचा, हे मला आमच्या तिठ्यावरून कळलं. कसालला मुंबई-गोवा महामार्गावरून मालवणचा रस्ता फुटतो. नवखा ड्रायव्हर तिथला बोर्ड बघतो आणि वळतो. समजा, रात्रीत कुणी तो बोर्ड फिरवला, तर गाडी भलत्याच वाडीत जाईल आणि ड्रायव्हरला वाटेल आपण मालवणलाच चाललोय. डॉसच्या मेमरीत अगदी सुरुवातीला असे २५६ बोर्ड होते, प्रत्येकी चार बाइटचे. डिस्क वाचायचीय? इकडे. कळ दाबली गेली? तिकडे. यालाच इंटरप्ट व्हेक्टर टेबल म्हणतात. जोशी डिस्कचा बोर्ड स्वतःकडे फिरवायचा. कुणी पहिला सेक्टर वाचायला मागितला, की आधी जपून ठेवलेला मूळ सेक्टर पुढे करायचा. तपासणाऱ्याला सगळं स्वच्छ दिसायचं. चोरी पकडली जायची ती हिशोबात. चेकडिस्क चालवलं की एकूण मेमरी सुमारे ६ किलोबाइट कमी भरायची.

यातली मजा अशी की बोर्ड फिरवणं हा गुन्हा नव्हता. डॉसमध्ये ती सर्रास चालणारी, रीतसर पद्धत होती. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ दाखवणारा प्रोग्रॅमही तेच करायचा. अशा मेमरीत ठाण मांडून बसणाऱ्या प्रोग्रॅमांना टीएसआर म्हणत, आणि ते सी भाषेत कसे लिहायचे यावर नागपूरच्या यशवंत कानेटकरांनी अख्खं पुस्तक लिहिलं. ‘लेट अस सी’ तुमच्यापैकी अनेकांच्या कपाटात असेल. त्याच लेखकाचं ‘रायटिंग टीएसआर्स थ्रू सी’ मात्र आता फारसं कुणाला आठवत नाही. एका पिढीसाठी डॉसच्या आत शिरायचा दरवाजा अशा पुस्तकांनी उघडला.

दुसरा दरवाजा दुरुस्तीच्या दुकानात होता. साताऱ्याच्या रहिमतपूरचे कैलाश काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, मग कॉम्प्युटर दुरुस्तीला येऊ लागले. त्यातल्या कितीतरी मशीनांचा आजार हार्डवेअरचा नसायचाच, व्हायरसचा असायचा. धाकटा भाऊ संजय कॉम्प्युटर शिकत होता. त्याने व्हायरस काढणारे छोटे प्रोग्रॅम लिहायला सुरुवात केली. त्यातून नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ‘क्विक हील’ उभं राहिलं. २०१६ मध्ये ती कंपनी शेअर बाजारात आली. १९८६ मध्ये ‘ब्रेन’ हा व्हायरस लिहिणारेही दोन भाऊच होते, लाहोरचे. एका जोडीने रोग लिहिला, दुसरीने औषध. पण दोघांना लागलेली विद्या एकच. बूट सेक्टर, इंटरप्ट, मेमरी.

पुढे ही मोकळीक संपली. २००१ च्या विंडोज एक्सपीपासून घरगुती पीसीवरही साध्या प्रोग्रॅमला हार्डवेअरला थेट हात लावता येईना. ६४ बिटच्या व्हिस्टापासून कर्नलमध्ये शिरणाऱ्या ड्रायव्हरला डिजिटल सही सक्तीची झाली. २०१२ च्या विंडोज ८ बरोबर सिक्युअर बूट आलं. ज्या पहिल्या पायरीवर जोशी बसायचा, तिथेच आता ओळखपत्र तपासतात. हे योग्यच झालं. तरी तिठ्यावर कुणीतरी बसतंच, फक्त आता ते सहीशिक्क्यानिशी बसतं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने जगभरातली, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने, ८५ लाख विंडोज मशीनं कोलमडली. राखणदारच कर्नलमध्ये बसलेला होता, त्यामुळे तो पडला तेव्हा घरही पडलं. त्या दिवशी माझ्या वयाच्या किती इंजिनिअरांना हे का झालं ते समजलं असेल? आम्ही सगळे वरच्या मजल्यावर राहतो. तळमजल्याची किल्ली मोजक्या कंपन्यांकडे आहे, आणि किल्ली नसल्याचं आम्हाला काही वाटतही नाही.

तरी शिकायचा रस्ता बंद नाही. इंजिनिअरिंगला आपण ८०८६ तोंडी परीक्षेपुरता पाठ करतो आणि ‘हे आता कोण वापरतं?’ म्हणून सोडून देतो. तोच ८०८६ आज क्यूएमू या फुकटच्या एम्युलेटरमध्ये जिवंत करता येतो. ५१२ बाइटची फाइल करायची, शेवटी ५५ आणि एए लिहायचे, आणि मशीनला सांगायचं, चालव. काही बिघडलं तरी खिडकी बंद करून पुन्हा उघडायची. पडद्यावर एक अक्षर उमटवायला मला दोन रात्री लागल्या. ते उमटलं तेव्हा खाली ना विंडोज होतं, ना लिनक्स. मी होतो आणि मशीन होतं. असं त्याआधी कधीच झालं नव्हतं.