फणसाची फांदी आणि 1867 चा कायदा

रायपूरला पोस्टिंग आली की पहिल्याच दिवशी कानावर पडतं ते ‘जी.ई. रोड’. फौजी माणूस जी.ई. म्हटल्यावर एमईएसचा गॅरिसन इंजिनिअर समजतो. मीही तसंच समजलो आणि थोडं हसं करून घेतलं. इथे जी.ई. म्हणजे ग्रेट ईस्टर्न, नागपूरहून रायपूरमार्गे पूर्वेकडे जाणारा इंग्रजी अमदानीतला रस्ता. नागपूरला रेल्वे 1867 मध्ये आली, पण रायपूर गाठायला तिला आणखी वीसेक वर्षं लागली. तोवर सगळी ये-जा बैलगाडीने नाहीतर घोड्यावरून.

याच रस्त्यावर संध्याकाळी फिरत असताना चुलतभावाचा फोन आला. कोकणातलं आमचं घर आम्ही दोन वर्षांपासून सुट्टीत येणाऱ्या पाहुण्यांना भाड्याने देतो. मी नोकरीवर, घर बंद, कौलं गळायची; चार पैसे येतील आणि घर जागं राहील असा हिशेब होता. दादा म्हणाला, “चोरी झाली रे. फणसाच्या फांदीवरून माडीत उतरले. पाहुण्यांचा कॅमेरा गेला.” पाहुणे भरपाई मागत होते, आणि वहिनी म्हणत होती, आता पुरे.

त्या रात्री मी 1867 चा सराई कायदा काढून वाचला. वाटसरूंना आसरा देणाऱ्या जागांसाठी केलेला हा कायदा जेमतेम काही पानांचा आहे. सराई चालवणाऱ्याने मॅजिस्ट्रेटकडे नोंद करायची. मागितला तर चारित्र्याचा दाखला द्यायचा. खोल्या आणि पाणी स्वच्छ ठेवायचं, राखणदार नेमायचे, दरपत्रक लावायचं, कुणी साथीच्या रोगाने आजारी पडला तर ताबडतोब कळवायचं. आणि चोराला आत-बाहेर करता येईल अशी झाडं आणि फांद्या तोडायच्या! हे वाचून मी उठून बसलो. कुचराई केली तर वीस रुपयांपर्यंत दंड, वर रोजचा एक रुपयापर्यंत. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती.

गंमत म्हणजे सरकारच्या थेट व्यवस्थेखालच्या सराया या कायद्यातून वगळल्या होत्या. सरकारचे स्वतःचे डाक बंगले निराळ्या नियमांनी चालत. चोवीस तास झाले आणि नवा प्रवासी दारात आला की आधीच्याने जागा सोडायची. पाहुण्याला शेरा लिहायला वही असे. आजचे ‘रिव्ह्यू’ दुसरं काय आहेत? साहेब आला की खानसामा अंगणातली कोंबडी धरायचा आणि थोड्याच वेळात ती ताटात. अँग्लो-इंडियन लोकांनी त्या पदार्थाचं नावच ‘सडन डेथ’ ठेवलं होतं. 1886 च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात ते नोंदलेलं आहे.

वहीत साहेब लिहिणार, मटण चिवट, मच्छरदाणी फाटकी. ते वाचून बोलणी खायची खानसाम्याने, कारण बंगल्यामागच्या खोलीत राहणारा तोच. आमच्याकडची वहिनी तशीच. रात्री अकराला आलेल्यांना पिठलं-भाकरी तिने करायची, न्हाणीघरात बेडूक निघाला म्हणून एक तारा मिळाला की तो तिनेच वाचायचा, कारण मोबाईल तिचा. बँकेचं खातं मात्र माझं. घर जागं ठेवत होती ती, आणि मी इथे बसून हिशेब बघत होतो. हे कळायला मला दीडशे वर्षांपूर्वीचा कायदा वाचावा लागला, याची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी फोन केला तो वहिनीला. कॅमेऱ्याचे पैसे मी देतो म्हटलं. भाड्यातला अर्धा वाटा तिच्या खात्यात, पावसाळ्यात घर बंद, आणि रात्री नऊनंतर कुणाला घ्यायचं की नाही ते तिने ठरवायचं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “भावजी, अर्धा वाटा ठीक. पण फांदी तोडायला माणूस मिळत नाही, आणि ह्यांना झाडावर चढवू नका.”

मेच्या रजेत कोयता घेऊन मीच चढणार आहे. फणस आजोबांनी लावलेला. फक्त माडीकडची फांदी उतरवायची, बाकी झाडाला हात लावायचा नाही.