'मला तोडगा हवा'

इजिप्तचा सिनेमा म्हटला की आपल्याला नाचगाणीच आठवतात. पण १९७५ सालचा सईद मरझूकचा 'उरीदु हल्लन', म्हणजे 'मला तोडगा हवा', ही अगदी घरगुती गोष्ट आहे. फातेन हमामाची दुर्रिया नवऱ्याकडे घटस्फोट मागते. तो देत नाही. मग कोर्ट, तारखा, खोटे साक्षीदार... आणि काही वर्षांनी दावाच फेटाळला जातो!

चित्रपट गाजला, बायकांच्या हक्कांवर चर्चा झाली. १९७९ मध्ये कौटुंबिक कायदा सुधारला. १९८५ मध्ये घटनात्मक न्यायालयानं ती सुधारणा रद्द केली. नवऱ्याच्या संमतीशिवाय 'खुला' मिळायला २००० साल उजाडलं, तेही मेहर परत करून. दुर्रियाच्या तोडग्याला पंचवीस वर्षं लागली, आणि तोही फुकट नाहीच मिळाला. असो. चित्रपट मिळाला तर जरूर बघा.