शोधा आणि बदला : रत्नागिरीतील एक शब्दप्रयोग

संगणकावर मराठी लिहिणाऱ्यास एक आज्ञा फार सोयीची वाटते. जुना शब्द एका चौकटीत लिहावा, नवा दुसरीत लिहावा आणि कळ दाबावी. शेकडो पानांच्या ग्रंथातील तो शब्द डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ठिकठिकाणी बदलून जातो. मात्र या यंत्राला अक्षरे दिसतात, शब्द दिसत नाहीत. 'हजर'च्या जागी 'उपस्थित' घाला, अशी आज्ञा १८५७ च्या इतिहासावरील एखाद्या प्रकरणास दिली, तर लखनौची बेगम हजरत महल तत्काळ 'बेगम उपस्थितत महल' होऊन बसेल. 'पगार' काढून 'वेतन' घालू म्हटले, तर पगारे आडनावाच्या निरुपद्रवी गृहस्थांचे 'वेतने' होईल.

संगणकाचे स्वप्नही कोणास पडले नव्हते, त्या काळी हीच आज्ञा एका अख्ख्या भाषेस देण्याचा उद्योग महाराष्ट्रात निदान दोन वेळा झाला. पहिला शिवकालात झाला. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास अष्टप्रधानांच्या पदव्या संस्कृत झाल्या. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत आणि सरनौबताचा सेनापती. पाठोपाठ रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून 'राजव्यवहारकोश' सिद्ध झाला. त्यात दरबार, शस्त्रे, दुर्ग, लेखन, बाजार अशा दहा वर्गांत सुमारे चौदाशे रूढ शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिलेले आहेत. या उद्योगाचा परिणाम झाला नाही असे नव्हे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी जुन्या पत्रांतील शब्द मोजून फारसीचे प्रमाण कसे उतरत गेले ते दाखविले आहे. तथापि गंमत पुढेच आहे. अठराव्या शतकात पुण्याच्या भट घराण्यातील कर्त्या पुरुषांच्या शिक्क्यांवर 'मुख्य प्रधान' अशी अक्षरे कोरली जात, आणि लोक मात्र त्यांना पेशवे म्हणत. इतिहासानेही त्यांना पेशवेच म्हटले. शिक्का राजाच्या आज्ञेत होता, जीभ नव्हती.

दुसरा प्रयोग रत्नागिरीचा. ६ जानेवारी १९२४ रोजी विनायक दामोदर सावरकर यांची कारागृहातून सुटका झाली, ती दोन अटींवर. रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जावयाचे नाही आणि राजकारणात पडावयाचे नाही. पाच वर्षांची म्हणून घातलेली ही बंदी वाढत वाढत १९३७ पर्यंत चालली. राजकारणाचे दार बंद झालेल्या या तेरा वर्षांत त्या लहानशा बंदराच्या गावातून अस्पृश्यतानिवारणाबरोबर आणखी एक चळवळ निघाली, ती भाषाशुद्धीची. 'केसरी'तून लेख आले, 'मराठी भाषेचे शुद्धीकरण' हे पुस्तक निघाले, आणि सुशिक्षित घरांतून जेवणाच्या पानावर वाद झडू लागले. १९३८ साली मुंबईच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद सावरकरांकडे आले, तोवर हा विषय मराठी वाचकास चांगला परिचित झाला होता.

चळवळीचे सूत्र थोडक्यात असे होते. आपल्या भाषेत शब्द असताना, किंवा तो घडविता येत असताना, परका शब्द वापरू नये. परक्या शब्दामुळे मागे पडलेला जुना स्वकीय शब्द पुन्हा चालू करावा. परंतु जी वस्तूच परदेशातून आली, तिचे नाव तिच्याबरोबर आले तर चालेल. हे तिसरे कलम विरोधक बहुधा विसरत, आणि अनुयायी त्याहून अधिक विसरत. खुद्द रत्नागिरीस त्या कलमावाचून गत्यंतर नव्हते. गावाची कीर्ती ज्या आंब्यावर उभी, त्या हापुसाचे नाव पोर्तुगीज अफोन्सोचे. काजूचे झाड आणि त्याचे नाव पोर्तुगिजांच्याच गलबतांतून आले. घराची चावी पोर्तुगीज, बंदर फारसी, बंदरावरचा खलाशी अरबी. ज्या पगारावर शिरस्तेदाराचे बिऱ्हाड चाले, तो शब्दही पोर्तुगीजच होय.

या प्रयोगाचे फळ काय, याचा निवाडा शब्दशः करावा लागतो. ज्या जागा रिकाम्या होत्या तेथे नवे शब्द झपाट्याने बसले. मुंबई महानगरपालिकेच्या अध्यक्षास 'मेयर' हे नाव १९३१ साली मिळाले; पदाचे नावच नवे, त्यामुळे 'महापौर' या शब्दाला कोणाशी झुंजावे लागले नाही. चित्रपट त्याच वर्षी बोलू लागला आणि त्या धंद्याला शब्दांची निकड होती. 'बोलपट', 'दिग्दर्शक', 'मध्यंतर' हे शब्द तेथे सहज मिसळून गेले. 'नेपथ्य' तर संस्कृत नाटकातला जुनाच शब्द, त्याला फक्त झोपेतून उठविले. 'हुतात्मा' या शब्दाचे भाग्य निराळे. शहीद रूढ असतानाही तो टिकला, कारण संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मुंबईच्या रस्त्यांवर माणसे पडली आणि त्यांच्यासाठी मराठी तोंडाने तोच शब्द निवडला. फ्लोरा फाउंटनच्या परिसरास हुतात्मा चौक म्हणताना आज कोणासही हा घडविलेला शब्द आहे असे वाटत नाही.

जेथे मात्र जागा भरलेली होती तेथे व्याकरण आडवे आले. मराठी शब्द एकटा राहत नाही, आपले लिंग आणि विभक्ती घेऊन कुटुंबवत्सल गृहस्थाप्रमाणे नांदतो. 'तारीख' स्त्रीलिंगी, 'दिनांक' पुल्लिंगी. 'पगार झाला' याचे 'वेतन झाले' करावे लागते. संगणक 'वेतन झाला' असे लिहून मोकळा होतो. म्हणून एक शब्द बदलावयाचा तर शेजारचे विशेषण आणि क्रियापद यांनाही हात लावावा लागतो. 'दिनांक' जिंकला तो छापील अर्जावर. तेथे त्याच्यापुढे दोन टिंबे आणि एक रेघ असते, लिंगाची कोणी चौकशी करीत नाही. न्यायालयाच्या आवारात मात्र पक्षकार आपली 'तारीख' केव्हा आहे हेच विचारतो. वेतनाचा आयोग बसतो आणि महिनाअखेर पगार होतो. दोन्ही शब्द राहिले. एकाने कागद घेतला, दुसऱ्याने जीभ.

सर्वांत मोठी हार 'कायदा' या शब्दापुढे झाली. सावरकर त्यासाठी आग्रहाने 'निर्बंध' लिहीत. पण हा अरबी शब्द मराठीच्या किती कानाकोपऱ्यांत शिरला होता पाहा. कायद्याने, कायदे, कायदेशीर, कायदेमंडळ, बेकायदा. आजच्या यंत्राला 'कायदा' शोधावयास सांगितले तर 'कायद्याने' त्याला सापडतच नाही, कारण सामान्यरूपात शेवटचे अक्षर पालटलेले असते. आणि जो 'बेकायदा' सापडतो त्याचे 'बेनिर्बंध' होते, म्हणजे बेकायदा माणसाला मोकळे सोडल्यासारखेच झाले. कायदेमंडळाला पुढे 'विधिमंडळ' हा पर्याय मिळाला, छापील कायद्याला शासनाने 'अधिनियम' म्हटले, आणि 'निर्बंध' शब्द आपल्या मूळच्या अर्थी परतला. २०२० च्या साथीत तो घरोघर पोचला, पण बंधने या अर्थाने.

विरोधकांचे म्हणणे वरवरचे नव्हते. जो शब्द मराठी लिंग घेतो, मराठी प्रत्यय लावून चालतो, तो जन्माने कोठलाही असो, मराठीच झाला, असे ते म्हणत. शिवाय, परका म्हणून ज्याला बाहेर काढावयाचे, तो शब्द कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मुसलमान शेजाऱ्याच्या घरातला असे. शब्दाला परका म्हणताना त्याला काय वाटत असेल, हा प्रश्न शब्दकोशात सुटत नाही. उलट बाजूलाही वजन होते. दर नव्या वस्तूला इंग्रजी नाव उसने घेण्याची सवय जडली की भाषेची शब्द घडविण्याची शक्तीच लुळी पडते, हे शुद्धीवाद्यांचे भय खोटे ठरले असे आजचे वर्तमानपत्र वाचणारा म्हणू शकणार नाही.

या वादाचे सारे अवघडपण एका माणसात एकवटलेले दिसते. माधव त्र्यंबक पटवर्धन, म्हणजे कवी माधव ज्यूलियन, हे फारसीचे प्राध्यापक. १९२५ साली त्यांचा 'फार्शी-मराठी कोश' प्रसिद्ध झाला; मराठीत फारसीचे किती आणि कोणते शब्द आहेत हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार? आणि याच गृहस्थांनी पुढे शुद्धीची बाजू घेऊन १९३८ मध्ये 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला. ज्याने शब्द एकेक वेचून गोळा केले, त्यानेच त्यांना निरोप देण्याची भाषा करावी, हे वरवर विसंगत दिसते. परंतु कोशकाराला शब्दाचे मूळ दिसते तसे इतर कोणास दिसत नाही. बाजारात जाणाऱ्यास 'बाजार' हा शब्द फारसी आहे हे ठाऊकच नसते, मग तो टाकावयाचा कशाला?

रत्नागिरीहून निघालेली दुसरी सूचना लिपीची होती. छपाईचे खिळे कमी व्हावेत म्हणून इ, ई, उ, ऊ, ए, ऐ ही निराळी अक्षरे सोडून अ लाच वेलांट्या, उकार, मात्रा जोडाव्यात, अशी ही 'अ'ची बाराखडी. शंकरराव किर्लोस्करांच्या 'किर्लोस्कर' मासिकाने ती उचलली, आणि वर्षानुवर्षे 'अितिहास', 'अेक', 'अुद्योग' अशी रूपे हजारो घरांत वाचली गेली. पुढे ती मागे पडली. १९६२ साली साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले आणि 'झालें', 'केलें' यांवरील अनुस्वारही गेले.

त्या काळच्या मासिकांची पाने आता संगणकावर उतरविली जात आहेत, आणि तेथे रत्नागिरीचा प्रयोग अकस्मात पुन्हा समोर उभा राहतो. युनिकोडमध्ये 'इ' या अक्षराला स्वतःचा एक क्रमांक आहे; 'अि' म्हणजे अ आणि वेलांटी असे दोन क्रमांक. म्हणून अभ्यासकाने 'इतिहास' शोधला तर 'अितिहास' छापलेले पान त्याच्या हाती लागत नाही. 'झाले' हे पूर्ण शब्द म्हणून शोधले तर 'झालें' निसटते. त्या तेरा वर्षांतील लेखन ज्याला धुंडाळावयाचे आहे, त्याला प्रत्येक शब्द दोन लिप्यांत लिहून शोधावा लागतो. आणि 'दिनांक' शोधून झाला की 'तारीख' हाही शोधावा लागतो.