गुठळीनंतरचे काम

प्लेटलेट्सचे काम रक्त थांबवण्यापुरतेच, ही समजूत दीर्घकाळ टिकली. त्याला कारणही होते: १८८२ मध्ये इटलीतल्या ज्युलिओ बिझोझेरो यांनी या कणांचे वर्णन केले ते गुठळीच्या संदर्भातच. जखम भरण्यातला त्यांचा वाटा उमगायला मदत झाली ती धमन्यांच्या अभ्यासाची. १९७४ मध्ये अमेरिकेत रसेल रॉस आणि सहकाऱ्यांनी माकडाच्या धमनीतल्या स्नायुपेशी प्रयोगशाळेत वाढवल्या. गोठलेल्या रक्ताच्या सीरममध्ये त्या झपाट्याने वाढत. प्लेटलेट्स आधीच काढलेल्या रक्ताच्या सीरममध्ये फारच कमी. प्लेटलेट्स पुन्हा मिसळल्या की वाढही परत येई; म्हणजे पेशी वाढवणारा घटक प्लेटलेट्समधूनच येत होता. या साध्या तुलनेइतके मोलाचे या इतिहासात मला दुसरे काही दिसत नाही.

१९८० च्या दशकात रुग्णाच्याच प्लेटलेट्समधला स्राव जुनाट जखमांवर लावून पाहिला गेला, आणि १९९७ मध्ये मधुमेही पायाच्या व्रणासाठी अशाच एका घटकाचे शुद्ध रूप असलेल्या बेकाप्लेर्मिन जेलला अमेरिकेत मान्यता मिळाली. मग शुद्ध घटक हाती असताना अख्ख्या प्लेटलेट्स कशाला? कारण त्यांच्या कणिकांत असे अनेक घटक एकत्र असतात. प्रत्येक ठिकाणची तयारी वेगळी, म्हणून निष्कर्ष जुळत नाहीत, हा आक्षेप मात्र खरा आहे. त्यातून तयारीची पद्धत काटेकोर नोंदवण्याची गरज सिद्ध होते, प्लेटलेट्सची निरुपयोगिता नव्हे. अर्थात, प्लेटलेट्स वापरल्या तरी मधुमेही पायाच्या व्रणात मृत ऊतक काढणे आणि पायावरचा भार हटवणे यांना पर्याय नाही.